कापगते बाईंची छपरी

इंदुमती कापगते. माझ्यावर ज्यांचे उपकार सगळ्यात जास्त आहेत, त्यांचं नाव आधी लिहून टाकतो. आठवी ते दहावी त्यांनी मला विज्ञान शिकवलं. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना इंदुमती असं कोणी म्हणत नसे. आम्हा मुलांसाठी त्या बाई, मोठ्यांसाठी कापगते बाई, आणि त्यांच्या थोरल्या जाऊ सरूकाकी यांच्यासाठी नुसत्या इंदू. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आज भंडाऱ्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. हृदय शिकवताना आधी आपल्या छातीवर हात ठेवायचा आणि मग फळ्याकडे वळायचं, ही माझी सवय त्यांचीच आहे.

कारण बाईंना आकृतीपेक्षा अंगावर जास्त भरवसा होता. शाळेत शरीराचे तक्ते होते, पण त्यांना वाळवी लागलेली. बाई म्हणत, तक्ता कशाला, मी उभी आहे ना. यकृत कुठे, तर स्वतःच्या उजव्या बरगडीखाली बोट. फुप्फुसं दाखवायची तर एवढा मोठा श्वास घेत की पहिल्या बाकावरच्या मुली हसायच्या. वर्गात कोणाचा डोळा लागला तर त्याला उठवत नसत. हळूच त्याचं मनगट धरून बाकीच्यांना सांगत, "या, झोपलेल्या माणसाची नाडी कशी चालते ते बघा." सगळा वर्ग त्याच्याभोवती जमला की तो बिचारा डोळे उघडायचा आणि त्याची नाडी धावायला लागायची. "आता घाबरलेल्या माणसाची बघा," बाई म्हणायच्या.

पुस्तक उघडं असेपर्यंत त्या पुस्तकाच्या भाषेत बोलत. पुस्तक मिटलं की आमच्या. आणि शरीराच्या धड्यात त्या पुस्तक लवकर मिटत.

नववीत असतानाची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस होते, आम्ही स्वेटर घालून बसलो होतो. बाई पचनसंस्था शिकवत होत्या. मध्येच थांबल्या, कपाळ, मान, हात सगळं घामानं ओलं झालेलं. खिडकीजवळच्या मुलाला म्हणाल्या, "पंखा लाव." थंडीत पंखा! मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पुस्तक मिटलं.

"हसू नका. माझी पाळी बंद होऊन राहिली आहे. पन्नाशीच्या आगंमागं सगळ्याच बायांची होते. अंडाशयातून जो रस रक्तात येते तो कमी झाला, का असं अंगातून वाफा निघतात. थंडीत घाम, झोपेत घाम. तुमच्या घरी माय, आजी अशी एकदम चिडत असन, रडत असन, रात्री उठून बसत असन, तर तिले भूत लागलं नाही. तिचं अंग बदलून राहिलं आहे. समजलं?"

बाईंनी पदरानं मान पुसली, पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "तर मग, अन्न जठरात आल्यानंतर..."

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. आत काय झालं ते शाळेच्या शिपायानं दाराबाहेर उभं राहून ऐकलं आणि पुढे कित्येक वर्षं पानठेल्यावर दोन्ही आवाज काढून सांगितलं.

"बाई, पोट्ट्यांसमोर हे काय बोलून राहिल्या तुमी?"

"शरीरशास्त्र."

"अभ्यासक्रमात आहे का हे?"

"माझ्या अंगात आहे ना जी."

"लोकं काय म्हणतील?"

"तुमची म्हैस माजावर आली तर तुमी चौकात बसून सांगता. चार लोकं सल्ला देतात. अन् बाईच्या अंगाचं नाव काढलं का तुमाले लाज येते. म्हशीहून गेल्या का जी आमी?"

सचिवांनी चहा मागवला म्हणतात.

ही गोष्ट मी घरी आईला सांगितली. आई चुलीपुढे होती. आधी म्हणाली, "अगं बाई, पोट्ट्यांसमोर?" मग तव्यावर भाकरी टाकली. आईचं त्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. अंग खाजायचं, एवढं की पोटऱ्यांवर नखांचे ओरखडे. धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या सगळ्याच बायांना होतात, पण इतरांच्या पंधरवड्यात भरून यायच्या, आईच्या भरेनात. जरा खरचटलं की कातडी सोलून निघायची. कशावरूनही रडायची. शेजारणी म्हणत, सुभद्राले बाहेरचं लागलं. बाबांनी एका पुजाऱ्याकडे नेण्याचं ठरवलंही होतं.

भाकरी उलटून आई म्हणाली, "बाईले विचारजो, त्याच्यात अंग खाजते का म्हणून."

मी मधल्या सुट्टीत जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "मायले पाठव रविवारी. तू मधात दलाल कायले?"

अशी बाईंच्या छपरीतली रविवारची बैठक सुरू झाली. छपरी म्हणजे घरापुढची कौलारू पडवी, एका बाजूला धानाची पोती, दुसऱ्या बाजूला बाईंची आरामखुर्ची. पहिल्या रविवारी आई एकटी. मग आमची शेजारीण शेवंता, मग तिची नणंद, मग पलीकडच्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायाही. बाईंनी आईचा हात आपल्या हातात घेऊन मनगटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती हळूहळू खाली बसली.

"पाहा, सुभद्रा. आपला तलाव उन्हाळ्यात आटते तेव्हा गाळ कसा दिसते?"

"फाटते."

"तसंच आहे हे. अंगातला रस आटला, का कातडी पातळ होते, कोरडी होते, खाजते. तलाव मेला नाही. फक्त आता त्याले जपावं लागते."

जपायचं कसं, तेही साधं. कढत पाण्यानं अंघोळ करायची नाही. साबण रोज घासायचा नाही. अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत मोहाच्या बियांचं तेल, ज्याला आमच्याकडे टोळीचं तेल म्हणतात, ते चोळायचं, म्हणजे अंगातलं पाणी अंगात राहतं. चिखलातून आल्यावर पाय धुवून बोटांच्या मधली जागा फडक्यानं टिपायची, आधी ती, मग चहा. आणि एक गोष्ट त्या प्रत्येकीला दरडावून सांगत, "पाळी जाऊन वर्ष झालं अन् परत रक्त दिसलं, तर माझ्या छपरीत नका येऊ. सीधं दवाखान्यात जा." शेवंताच्या नणंदेला त्यांनी स्वतः एसटीत बसवून भंडाऱ्याला नेलं होतं. ती आजही आहे.

सरूकाकींना या बैठकीचं फार हसू यायचं. त्या बाईंहून मोठ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, आणि त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. आतून सुपात तांदूळ पाखडता पाखडता ओरडायच्या, "इंदू, तुह्या छपरीत सगळ्या बुढ्या तेल लावून बसल्या, मंडईले निघाल्यासारख्या! नाटकात काम करतात का काय?" बाया हसून लोटपोट. पण मंडईच्या दिवसांत, दिवाळीनंतर गावोगावी पाहुणे जमतात आणि नाटकं होतात तेव्हा, काकी स्वतः बाईंच्या बाटलीतलं तेल चोरून लावत. बाईंना वासावरून कळायचं. त्या बाटली मुद्दाम काकींच्या हाताला येईल अशी ठेवत.

आई सुधारली. लगेच नाही, पण झोपायला लागली. पुजाऱ्याचं राहून गेलं.

माझी दहावी झाली तेव्हा बाबांच्या मनात मला नागपूरला बांधकामावर पाठवायचं होतं. गावातली बरीच मुलं जात. बाई घरी आल्या नाहीत. रोवणीच्या रविवारी साडी खोचून थेट आमच्या बांधीत, पाणी भरलेल्या धानाच्या शेतात, उतरल्या आणि आईशेजारी पात, म्हणजे लावणीची ओळ, धरली. रोवणी म्हणजे वाफ्यात वाढवलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून, धुवून, पेंढ्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत पुन्हा एकेक लावायचे. बाया ओळीनं वाकतात आणि लावत लावत मागे सरकतात. बाईंचं माहेरही शेतकऱ्याचं, त्यांचा हात आमच्या आईइतकाच चालायचा. बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे होते.

"दादा, पोट्ट्याले सायन्सले टाका," बाई वाकूनच म्हणाल्या.

"बाई, आधी रोवा, मग बोला. पात मागं राहून राहिली तुमची."

बाईंनी मान वर केली नाही. शेवंता सांगते, त्या दिवशी बाईंबरोबर हात चालवता चालवता तिची कंबर गेली. पात धुऱ्याला लागली तेव्हा बाई आईच्याही पुढे होत्या. कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"आता बोलू का जी?"

बाबा हसले. "बोलता काय? तुमी ठरवूनच आल्या. टाका सायन्सले."

बाबांनी दिलेली ही परवानगी मी अजून खर्च करतो आहे.

बाई निवृत्त झाल्या. त्याआधीच त्यांचे यजमान गेले होते. मुलगा प्रमोद नागपूरला नोकरीला. घरी दोघी जावा. मी गावी गेलो की छपरीत एक चक्कर असायचीच. त्या मला कॉलेजच्या प्रश्नपत्रिका आणायला लावत आणि पेन्सिलीनं सोडवत. चुकलं की स्वतःलाच म्हणायच्या, "अंगठे धर, इंदुमती."

एका उन्हाळ्यात सरूकाकींनी मला आत बोलावलं. "इंदूचं काही खरं नाही रे. वरणात दोन दोन डाव मीठ टाकते. मी बोलली तर म्हणते, तुमीच टाकलं. भांडण मी करतो का ती? मीच करतो, पण मीठ तिचं असते."

मी ते हसण्यावारी नेलं नाही, पण वयावर ढकललं. नंतर लाखांदूरच्या बाजाराच्या दिवशी बाई परतीच्या ऐवजी उलट दिशेच्या एसटीत बसल्या आणि माहेरच्या गावाला उतरल्या. तिथं आता त्यांचं कोणी नाही. ज्या घराच्या दारात जाऊन त्या "वैनी, पाणी दे" म्हणाल्या, ते घर दुसऱ्यांचं. त्या लोकांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि परतीच्या गाडीत बसवलं. त्या आठवड्यात बाईंचा मला फोन आला.

"तू जीवशास्त्र शिकवते ना?"

"हो बाई."

"मग मले गोड नको बोलू. खरं तपासून दे."

आम्ही नागपूरला एका डॉक्टरांकडे गेलो. प्रमोद होता, सरूकाकी हट्टानं आल्या होत्या. डॉक्टर तरुण आणि सौम्य होते. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. बाईंनी घड्याळ सुंदर काढलं, काटे मात्र दोन्ही एकाच आकड्यावर. मग डॉक्टर म्हणाले, भाज्यांची नावं सांगा, जितकी आठवतील तितकी.

"भाज्या काय सांगू? धानाच्या जाती सांगतो," बाई खुशीत म्हणाल्या.

"सांगा."

"लुचई. चिन्नोर. हिरानक्खी." थोडं थांबल्या. "लुचई. चिन्नोर." पुन्हा थांबल्या. "लुचई..."

त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं. आधी प्रमोदकडे, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की त्या जशा हळूच "बरं, बस" म्हणत, तशाच आवाजात स्वतःला म्हणाल्या, "बरं."

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. स्मृती जाण्याचा हा आजार हळूहळू वाढत जातो, गोळ्यांनी थोडा काळ थोडी मदत होते, बरा होत नाही. झोप, रोजचा ठरलेला क्रम, माणसांची सोबत, हात-पाय चालते ठेवणं, यानं माणूस जास्त दिवस सुखात राहतो. बाई मान हलवत ऐकत होत्या. शेवटी विचारलं, "कातडीपासून सुरू झालं, डोक्यापर्यंत आलं, असं समजू का?" डॉक्टर म्हणाले, नाही, दोन्ही वेगवेगळं आहे. पाळी जाणं हा आजार नव्हे, हा मात्र आजार आहे. "एवढं बरं झालं," बाई म्हणाल्या. "मी बायाईले तेच सांगत होती. खोटं ठरलं असतं तर वाईट वाटलं असतं."

परतताना प्रमोद नागपूरलाच राहिला. एसटीत सरूकाकी पुढच्या सीटवर झोपल्या. बाई माझ्याशेजारी खिडकीजवळ. बाहेर पाहतच त्या बोलल्या.

"माझ्या सासूचं असंच झालं होतं. आमी म्हणत होतो म्हातारचळ लागला. घरातून निघून जात होती. शाळेची वेळ झाली का मी तिले धानाच्या खोलीत बसवत होती अन् बाहेरून कडी लावत होती. मग शाळेत येऊन तुमाले मेंदू शिकवत होती."

मी डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

"ते आतून दार वाजवत नव्हती रे. नुसती हात फिरवत होती दारावर. मले ऐकू येत होतं." त्यांनी माझा हात धरला. "मी कोणाले ओळखणार नाही, ते होऊ दे. जेवण विसरन, नाव विसरन, होऊ दे. पण माझ्यावर कडी नको लावू देऊ. मी समजण्यापलीकडं गेली तरी नको लावू देऊ. तू सांगजो त्याईले."

मी हो म्हणालो. हो म्हणणं सोपं होतं, मी भंडाऱ्याला राहत होतो.

पुढची दोन-तीन वर्षं बरी गेली. छपरीतली बैठक उलटी झाली. बाया आता बाईंच्या हातांना तेल लावायला येत. आईनं एकदा त्यांच्या मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाली, "बाई, तलाव आटला बाप्पा." बाई म्हणाल्या, "मग लाव ना तेल, पाहून काय राहिली?" संध्याकाळ झाली की त्या अस्वस्थ व्हायच्या. शाळा सुटली का, पोरं गाडीत बसली का, वह्या तपासायच्या राहिल्या, असं चालायचं. काकी ओरडायच्या, "बसली बाई, सगळी बसली!" आणि पाचव्यांदा विचारलं की पाचव्यांदा ओरडायच्या.

मग ती रोवणी आली. काकी मागच्या अंगणात भांडी घासत होत्या आणि बाई पुढच्या दारानं निघून गेल्या. तलावाच्या खालच्या अंगाला नामदेवची बांधी. नामदेव म्हणजे बाईंचाच विद्यार्थी, आठवीतून शाळा सोडलेला. त्याची रोवणी आदल्या दिवशीच झाली होती. बाई गुडघाभर चिखलात उतरल्या आणि लावलेलं धान उपटायला लागल्या. त्यांना ते पऱ्ह्यांचा वाफा वाटलं. नासधूस म्हणावी तर तशी नव्हती. त्यांनी एकेक रोप मुळासकट काढलं, मुळं पाण्यात खळबळून धुतली, गवताच्या काडीनं नीट पेंढ्या बांधल्या आणि धुऱ्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. बांधीचा एक मोठा तुकडा मोकळा झाला होता.

नामदेव आला तो लांबूनच शिव्या देत. "कोण काढून राहिलं रे माझं धान?" जवळ येऊन पाहतो तर बाई. वर मान करून त्याला म्हणाल्या, "उशीर काहून केला? पऱ्हे तयार आहेत. बायाईले बोलाव."

नामदेव नंतर मला म्हणाला, "सर, तोंडात शिवी होती, ते गिळली मी. घशाले लागली."

दुपारी प्रमोदला फोन गेला, तो निघाला. मलाही काकींनी बोलावलं. संध्याकाळच्या आत आम्ही सगळे छपरीत. बाई खुर्चीवर, पाय धुतलेले, पायावर चिखलाची रेघ राहिलेली. प्रमोद वाईट माणूस नाही, हे मी इथं लिहायलाच हवं. तो थकलेला होता. त्याच्या नागपूरच्या घरात दोघं नवरा-बायको नोकरीला. येताना त्यानं लाखांदूरहून नवं कुलूप आणलं होतं.

"आजपासून पुढच्या दाराले बाहेरून कडी अन् कुलूप. मोठी आई अंगणात गेली का कडी लावून जाईल. दुसरं काही नाही," तो म्हणाला. मोठी आई म्हणजे सरूकाकी.

मी एसटीतलं सगळं सांगितलं. बाईंनी काय मागितलं होतं ते.

प्रमोद शांतपणे म्हणाला, "सर, तुमी हो म्हटलं. पण आज ती नामदेवच्या बांधीत थांबली. तिथून तलाव किती लांब आहे? उद्या तिनं पाणी पाहून पाय टाकला, तर काढायले कोण जाईल? तुमी भंडाऱ्याहून?"

बाई आमच्याकडे पाहत होत्या, जणू दुसऱ्या कोणाच्या मुलाबद्दल पालकसभा चाललीय.

सरूकाकी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सासूच्या टायमाले कडी ही लावत होती. खोलत होती कोण? मी. दुपारी जेवण द्यायले. खोलली का ते बुढी कशी पाहे, ते तुमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं आहे. मी कडी लावणार नाही. प्रमोद, तुले लावायची असन तर नोकरी सोड अन् रोज इथं येऊन लाव."

"मग तलावाचं काय, मोठी आई?"

तेव्हा शेवंता बोलली. ती धुऱ्यावरच्या पेंढ्यांची काळजी करत आली होती. "तलावाचं मग पाहू. आधी ते पऱ्हे वाळून राहिले. बाईले घेऊन चला."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? नामदेवच्या बांधीत. काढलं तिनं, लावून देईल तीच. हात तर आहेत ना चांगले."

ऊन कलत होतं. आई, शेवंता, तिची नणंद, आणखी दोघी, आणि मध्ये बाई. त्यांना कोणी काही समजावलं नाही. पेंढी हातात आली आणि त्या वाकल्या. दोन बोटांत रोप धरून चिखलात दाबलं, दुसरं, तिसरं. अंतर सारखं, ओळ सरळ. बाया बोलत होत्या, नणंदेनं काहीतरी चावट म्हटलं तर बाईही हसल्या. मागे सरकताना आई एका बाजूनं त्यांचा पदर धरून होती. नामदेव पेंढ्या फेकत होता. प्रमोद पँट वर दुमडून धुऱ्यावर उभा होता. मग त्यानं चपला काढल्या आणि तोही पेंढ्या आणून द्यायला लागला. अंधार पडायच्या आत तुकडा पुन्हा हिरवा झाला.

त्या रोवणीत महिनाभर बाई रोज शेवंताच्या टोळीबरोबर गेल्या, दोघींच्या मध्ये. थकल्या की धुऱ्यावर बसत. रोवणी संपल्यावर कोणाच्या अंगणात शेंगा सोल, कोणाकडे तांदूळ निवड. घरी असल्या तर दाराच्या आतल्या बाजूला नामदेवनं आणून दिलेली बैलाच्या गळ्यातली घंटी. दार हललं की वाजायची. प्रमोदला ते आवडलं नव्हतं, "माझी आई काय गुरं आहे?" म्हणाला. सरूकाकी म्हणाल्या, "गुरं कोंडतात बाप्पा. हिले कोंडून तर नाही राहिलो." घंटी वाजली की काकी हातातलं काम टाकून मागे निघत. कितीदा तरी त्या तलावापर्यंत बाईंच्या मागे शिव्या देत गेल्या आणि शिव्या देतच परत घेऊन आल्या. बाहेरच्या कडीचं त्यांनी सुताराला बोलावून काय ते केलं. चौकटीत आता नुसती खिळ्यांची भोकं आहेत.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. बाई एकदा पडल्या, मनगट मोडलं, पातळ कातडीवरची जखम भरायला फार वेळ लागला. प्रमोदनं मला फोनवर म्हटलं, "कडी असती तर पडली नसती." मी म्हटलं, "हो." खरंच नसती पडली.

आता त्या बाहेर फारशा जात नाहीत. पाय साथ देत नाहीत. परवा गेलो तेव्हा छपरीत उन्हात बसल्या होत्या, अंग एवढंसं झालेलं, हातांवर निळ्या शिरा आणि जांभळे डाग. मला पाहून उठायला लागल्या, पाहुणा आला म्हणून.

"या जी. तुमी कोणाचे?"

"सुभद्राचा, बाई."

"सुभद्रा चांगली आहे का?"

"चांगली आहे."

त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला आणि दोन बोटांनी मनगट दाबून बसून राहिल्या. ओठ हलत होते. मला वाटलं काही बोलतायत. नाडी मोजत होत्या. पुष्कळ वेळ मोजली आणि मग हात सोडून म्हणाल्या, "चालू आहे." सरूकाकी आतून म्हणाल्या, "त्याची चालू आहे, तुही पाहा आधी!"

फोनवर त्यांना आता आवाजामागचं माणूस सापडत नाही, घाबरतात. पण मोठं अक्षर अजून वाचता येतं. म्हणून भंडाऱ्याला परत आल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं. काकी सांगतात, रोज संध्याकाळी त्यांच्या हातात दिलं की त्या ते आजच आल्यासारखं मोठ्यानं वाचतात. ते असं आहे.

बाई, नमस्कार.

मी विलास. सुभद्राचा मुलगा. तुम्ही मला विज्ञान शिकवलं. तुम्हाला आठवलं नाही तरी चालतं. मला आठवतं.

तुम्ही तुमच्या घरी आहात. शेजारी बसल्या आहेत त्या सरूबाई, तुमच्या थोरल्या जाऊ. त्या ओरडतात, पण तुमच्यावर रागावलेल्या नाहीत.

प्रमोद कामावर आहे. रविवारी येतो.

शाळा सुटली. सगळी मुलं गाडीत बसली. कोणी मागे राहिलं नाही. मीही घरी पोचलो.

वह्या तपासून झाल्या आहेत. आता तुम्हाला काही करायचं नाही.

दाराला कडी नाही, बाई. मी स्वतः पाहून आलो. खरं वाटत नसेल तर उठा आणि हात लावून बघा. ढकललं की उघडतं.

तुमचा,
विलास